थकलेल्या माणसाचा जबाब

साथींनो, आधी माझा गुन्हा सांगतो, मग दुसऱ्याच्या पुस्तकावर बोलतो. टीका करणाऱ्यानं निदान एवढं तरी केलं पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी मी सूतगिरणीत बदलीवर होतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस पाळी मिळायची, बाकीचे दिवस गेटावरून परत. त्याच सुमारास एका संस्थेचा सर्व्हे वस्तीत आला. बायकांच्या तब्येतीचा. त्यांना वस्तीतलाच, लिहितावाचता येणारा पोरगा पाहिजे होता. फॉर्ममागे पैसे. मी काम घेतलं. वस्तीतली दारं मला उघडीच होती, तेच माझं क्वालिफिकेशन.

शेवटच्या रात्री दोन फॉर्म कमी पडत होते. मी आत्याकडे गेलो. आत्या वाइंडिंग खात्यात. पहाटे चारला उठलेली, सकाळची पाळी करून आलेली, वर दोन घरची धुणीभांडी उरकलेली. रात्रीचे साडेनऊ. नव्वद प्रश्न. पहिले वीस तिनं हसत सांगितले. पुढं म्हणाली, "नवरा कवा गेला ते मघाशीच सांगितलं न्हवं रं?" सांगितलं होतं. पण फॉर्मात तोच प्रश्न फिरवून परत घातला होता, उत्तर जुळतं का बघायला. म्हणजे माणूस खोटं बोलणार हे आधीच धरलेलं. साठाव्या प्रश्नाला तिची मान कलली. मी म्हटलं, "आत्या, नुसतं होय का न्हाई एवढंच सांग." ती होय, होय म्हणत गेली. मग तेही बंद झालं. भिंतीला टेकून झोपली ती. उरलेले तीस प्रश्न मी माझ्या मनानं भरले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं फॉर्म तपासला आणि म्हणाला, "एकदम क्लीन."

कुठल्यातरी अहवालात माझ्या आत्याच्या नावावर माझी तीस खोटी उत्तरं बसली आहेत. पण मला आधी टोचलं ते खोटं नव्हे. ती झोपल्यावर मी तिच्या अंगावर चादर टाकली नाही, आधी फॉर्म पुरा केला. हे टोचलं.

यातूनच मी वाचायला लागलो. माणसावर संशोधन करताना तो माणूस थकला तर काय करायचं, याचा विचार कुणी केलाय का? शोधत शोधत मी अमेरिकेतल्या हॉथॉर्नच्या प्रयोगापर्यंत पोचलो. मॅनेजमेंट शिकणाऱ्या पोरांना हा प्रयोग शिकवतात. रोथ्लिसबर्गर आणि डिक्सन यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, 'मॅनेजमेंट अँड द वर्कर', १९३९ साली. डिक्शनरी घेऊन, पाळीनंतर, तुकड्या-तुकड्यानं मी या प्रयोगाबद्दल वाचलं. विद्वानांनी त्यावर पुष्कळ लिहिलंय. साच्यावर उभं राहणाऱ्यानं काय म्हणायचं ते मी म्हणतो.

१

गोष्ट सुरू होते ती एका सूतगिरणीतच. एल्टन मेयो नावाचा प्राध्यापक १९२३ साली फिलाडेल्फियाच्या एका गिरणीत गेला. तिथल्या म्यूल स्पिनिंग खात्यात माणूस टिकतच नव्हता. बाकीच्या खात्यांत वर्षाला शंभरात पाच-सहा कामगार सोडून जायचे, या खात्यात अख्खा भरणा वर्षातून दोन-अडीच वेळा बदलायचा. काम काय, तर दिवसाचे दहा तास साच्यापुढं येरझारा घालायच्या आणि तुटलेला धागा सांधायचा. पाय सुजलेले, डोकी सुन्न. मेयोनं सकाळी दोनदा आणि दुपारी दोनदा दहा-दहा मिनिटांची विश्रांती द्यायला लावली. माणसं टिकायला लागली, उत्पादन वाढलं. मध्येच ऑर्डर वाढल्या, तेव्हा सुपरवायझरांनी विश्रांती बंद करून पाहिली. उत्पादन लगेच घसरलं.

याचं श्रेय मेयोला दिलं पाहिजे. कामगार आळशी नसतो, थकलेला असतो, एवढी साधी गोष्ट मालकाच्या टेबलावर मांडायलासुद्धा एक प्राध्यापक लागला. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी ती फुकट सांगितली असती. पण त्यांना विचारलं असतं कुणी?

मग हॉथॉर्न. शिकागोजवळचा टेलिफोनचं सामान बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना. १९२७ च्या मे महिन्यात सहा बायका एका वेगळ्या खोलीत बसवल्या. पाचजणी रिले जोडणाऱ्या, सहावी त्यांना सुटे भाग पुरवणारी. एका रिलेत पस्तीसेक सुटे भाग, जोडायला साधारण एक मिनिट. दिवसभर तेच. खोलीत एक निरीक्षक बसलेला. खोलीत आणायच्या आधी दोन आठवडे त्यांचं काम त्यांना न सांगताच मोजून ठेवलं होतं. थकवा आणि विश्रांती यांचा कामावर काय परिणाम होतो ते बघायचं होतं. कधी पाच मिनिटांची सुट्टी दे, कधी दहा मिनिटांची, कधी दिवस अर्ध्या तासानं कमी कर, मग सगळं काढून घे. झोप किती झाली, खाल्लं काय, सगळ्याची नोंद. ठरावीक दिवसांनी डॉक्टरी तपासणी, तिथं मासिक पाळीचीही चौकशी. बायका तपासणीला घाबरत, तेव्हा आइस्क्रीम आणि केक ठेवायला लागले.

त्यांना सांगितलं होतं काय? आरामात काम करा, शर्यत लावू नका. बोलायलाही मोकळीक दिली. मग दोघी फार बोलायला लागल्या. सहकार्य करत नाहीत, कामाचा आकडा वाढवत नाहीत, असं ठरवून १९२८ च्या जानेवारीत त्या दोघींना खोलीतून काढलं आणि दुसऱ्या दोघी आणून बसवल्या. नवीन दोघींमधली एक घरच्या अडचणीमुळं झटून काम करणारी होती. आकडा वर गेला. काढलेल्यांपैकी एकीबद्दल शेरा असा, की ती 'बोल्शेव्हिक' झाली. आणि तिच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं, असंही त्याच कागदांत आहे.

साथींनो, इथं मी पुस्तक मिटवून बसलो होतो. थकव्याचा अभ्यास चाललाय, समोर रक्त कमी असलेली बाई बसलीय, ती चिडते, बोलते, हात आखडता घेते. संशोधनाला पाहिजे ते समोर आलंय. आणि संशोधन काय करतं? तिला बाहेर काढतं. थकवा शोधायला निघालेल्या माणसांनी थकलेली बाई नमुन्यातून वगळली आणि मग जगाला सांगितलं, की बघा, उत्पादन वाढत गेलं!

पुढं या प्रयोगाचा अर्थ असा लावला गेला, की आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय एवढ्यानंच माणूस जास्त काम करतो. याला 'हॉथॉर्न इफेक्ट' असं नाव पडलं. १९७८ साली फ्रँके आणि कॉल या दोघांनी जुने आकडे परत तपासले. त्यांना दिसलं, की उत्पादनातल्या चढउताराचं बहुतेक स्पष्टीकरण तीन गोष्टींत आहे : शिस्तीचा बडगा, म्हणजे त्या दोघींना काढणं, मंदीची भीती, आणि विश्रांतीचा वेळ. आम्हाला हे कळायला आकडेमोड लागत नाही. शेजारणीला साच्यावरून उठवलं की बाकीच्यांचे हात आपोआप चालतात.

प्रस्थापित समीक्षक म्हणतात, प्रयोगाची पद्धत चुकली. माझं म्हणणं वेगळं आहे. पद्धतीच्या आधी नीती चुकली. लक्ष देणं आणि नजर ठेवणं यांतला फरक त्या पुस्तकाला कळत नाही. लक्ष दिल्यावर माणूस पडला तर तुम्ही उठवता. नजर ठेवल्यावर माणूस पडला तर तुम्ही वेळ लिहून घेता.

२

आता कायदे-नियम बघू. नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर प्रयोग केले, त्यांच्यावर न्यूरेंबर्गला खटला चालला, आणि १९४७ च्या निकालात माणसावरच्या प्रयोगांसाठी दहा कलमं सांगितली गेली. पहिलं कलम संमतीचं, ते सगळ्यांना पाठ. नववं कलम कुणी सांगत नाही. ते म्हणतं, की प्रयोगातल्या माणसाला शरीरानं किंवा मनानं आता पुढं चालणं अशक्य वाटलं, तर प्रयोग संपवायची मोकळीक त्याला असली पाहिजे. नीट वाचा. नुसतं स्वतः निघून जायची नव्हे, प्रयोग संपवायची. आणि अशक्य कुणाला वाटलं पाहिजे? त्यालाच. डॉक्टरला नव्हे.

त्यानंतर १९६४ ची हेलसिंकी घोषणा आली, १९७९ चा बेलमाँट अहवाल आला, आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आली. यांत चांगलं पुष्कळ आहे. संशोधनाचं ओझं एकाच्या डोक्यावर आणि फायदा दुसऱ्याच्या खिशात असं होऊ नये, हे बेलमाँटनं न्यायाचं तत्त्व म्हणून सांगितलं. पण फॉर्मवर आता जे छापलेलं असतं ते एवढंच : तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. थकलेला बाहेर पडतो, प्रयोग चालूच राहतो, त्याच्या जागी दुसरा येतो. गिरणीतही हीच सोय आहे. तब्येत बरी नसेल तर घरी जा, बदलीवाले गेटावर उभेच आहेत.

२०२४ साली हेलसिंकी घोषणा सुधारली, तेव्हा जुना 'सब्जेक्ट' हा शब्द काढून 'सहभागी' हा शब्द घातला. ठीक आहे. पण नाव बदललं म्हणून हिस्सा मिळतो का, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 'हरिजन' म्हणवून घेऊन आपल्या पदरात काय पडलं होतं? सहभागी म्हणजे भागीदार. मग माझ्या आत्याचा भाग कुठला? प्रश्न तिनं ठरवले नाहीत, वेळ तिनं ठरवली नाही, अहवाल तिनं पाहिला नाही. तिचा भाग एवढाच, की झोप तिची गेली.

सर्व्हेच्या पुस्तकांत थकव्याला नाव आहे : 'रिस्पॉन्डंट फटीग'. मी उत्सुकतेनं वाचलं. तर तिथं तो माहितीतला दोष म्हणून येतो. माणूस थकला की सगळ्याला 'होय' म्हणतो, उत्तरं बिघडतात, म्हणून प्रश्नावली आटोपशीर ठेवा. म्हणजे काळजी आहे ती उत्तराची. उत्तर देणाऱ्याचा थकवा हे सूत तुटण्यासारखं, सांधून घ्यायचं आणि साचा चालू ठेवायचा.

३

एका माणसाच्या एका रात्रीचं हे झालं. अख्खी वस्तीच वर्षानुवर्षं संशोधनाखाली राहिली तर?

भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, युनियन कार्बाइडचा कारखाना, विषारी वायू. त्यानंतर आयसीएमआरनं गॅसपीडितांवर कितीतरी अभ्यास सुरू केले. फुप्फुसं, डोळे, गर्भ, मन, सगळं तपासलं. तपासायलाच हवं होतं, त्याशिवाय नुकसान कळणार कसं? पण १९९४ साली ते अभ्यास थांबले. लोकांचा दमा थांबला नव्हता. २०१० साली तिथं परत पर्यावरण-आरोग्याची नवी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे परत तपासणी, परत प्रश्न. आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की पीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर घ्या, त्यांच्या हातात आरोग्य पुस्तिका द्या. दुर्घटनेला अठ्ठावीस वर्षं होत आली होती! ज्यांच्या शरीरातून माहिती निघाली त्यांना आपलीच नोंद हातात मिळावी म्हणून कोर्टात जावं लागलं.

इथं थकवा निव्वळ शरीराचा नाही. दरवेळी तीच रात्र परत सांगायची, कोण पळालं, कोण पडलं, कोण सापडलं नाही. ऐकणारा दरवेळी नवा, सांगणारा तोच. आणि सांगून हातात काही पडत नाही. असा थकवा झोपेनं जात नाही.

याला उत्तर कुणी दिलं? दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी. माणसाचं मूळ शोधणारे, भाषा शोधणारे, औषधी वनस्पती शोधणारे, सगळे पिढ्यानपिढ्या त्यांच्या दारात. २०१७ साली त्यांनी आपली स्वतःची संशोधन-संहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर प्रक्रिया या पाच गोष्टींवर ती उभी आहे. आमच्यात यायचं तर आधी आमच्या प्रतिनिधींकडे या, परवानगी घ्या, काय शोधलं ते परत येऊन सांगा. विद्यापीठाची समिती काय ठरवायची ते ठरवो, आमच्या दाराचा उंबरा आमचा. मला हे कागदपत्र हॉथॉर्नच्या जाड ग्रंथापेक्षा मोठं वाटतं. त्यात मोजलेला माणूस बोलतोय.

४

आता आपल्यावर येतो. दुसऱ्याला शिव्या देणं सोपं असतं.

अत्याचार झाला की आपण धावतो. धावलंच पाहिजे. आपण गेलो नाही तर केस दडपतात. पण खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भैयालाल भोतमांगे यांची बायको आणि तीन मुलं मारली गेली. भैयालाल २०१७ च्या जानेवारीत गेले. मधल्या दहा वर्षांत पत्रकार, सत्यशोधन समित्या, अभ्यासक, कार्यकर्ते त्या एका माणसाला तेच विचारत राहिले. त्यात आपणही आलो. प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं होतं. आधीच्यांनी लिहून घेतलेलं वाचून जाऊ, असं किती जणांना वाटलं? आपल्या शोकाला दुसऱ्याचा जबाब लागतो, तेव्हा आपणही निरीक्षकाच्या खुर्चीत बसलेले असतो. कवी म्हणून मी स्वतःलाही हे सांगतो. आत्याचं दुःख मला कवितेत पाहिजे असतं, तेव्हा माझ्या खिशात फॉर्म नसतो एवढाच फरक.

कुणी म्हणेल, मग काय सर्व्हे बंद करायचे? आकड्याशिवाय सरकार हलत नाही. बरोबर आहे. अज्ञानात आपला फायदा नाही. मी एवढंच म्हणतो, की आपली परंपरा नमुना होण्याची नाही, साक्ष देण्याची आहे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं आपलं निवेदन दिलं. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं साक्ष दिली. कुणी त्यांचं डोकं मोजायला आलं नव्हतं, ते आपला सवाल घेऊन गेले होते. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी-संपात बाबासाहेबांनी विचारलं, की अस्पृश्यांना विणकाम खात्यात का घेत नाहीत? धाग्याला तोंड लावावं लागतं म्हणून. म्हणून आमचे लोक कमी पगाराच्या रिंग खात्यात. हा प्रश्न कुठल्या प्रश्नावलीत नव्हता. ज्याला तो सोसावा लागत होता त्याच्याकडूनच तो आला. आणि थकव्याचं काय करायचं तेही बाबासाहेबांनी दाखवलं. १९४२ ते १९४६ ते मजूर खात्याचे मंत्री होते, त्या काळात कारखान्यातल्या आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा झाला. हॉथॉर्नवाल्यांनी थकवा मोजला. बाबासाहेबांनी तास कमी केले.

नमुना आणि साक्षीदार यांत फरक हाच. साक्षीदार म्हणू शकतो, आज एवढंच, बाकी उद्या. साक्षीदाराला आपला जबाब वाचून दाखवावा लागतो. साक्षीदाराच्या जबाबावर निकाल लागतो.

पुढच्या महिन्यात आपल्या पोरांनी वस्तीचा सर्व्हे ठरवलाय. मी कच्चा फॉर्म पाहिला, एकशे बारा प्रश्न आहेत. चांगल्या मनानं केलाय, पण तो आत्यासारख्या बायकांना रात्री झोपवणारा फॉर्म आहे. माझी सूचना अशी. रेशनकार्डावर, अंगणवाडीत, जुन्या सर्व्हेत जे आधीच लिहिलेलं आहे ते परत विचारू नका, आधी ते मिळवून वाचा. पाळीवरून आलेल्या माणसाला त्याच दिवशी विचारू नका, वेळ त्यानं सांगावी. उत्तर जुळतं का बघायला फिरवून घातलेले प्रश्न काढा, आपण आपल्या माणसांवर पोलिसी करणार आहोत काय? "दमलो" हे उत्तर म्हणून लिहून घ्या, कोरी जागा तशीच सोडा. चार-पाच घरांत एकाच प्रश्नावर माणसं दमली तर तो प्रश्नच रद्द करा, म्हणजे न्यूरेंबर्गचं नववं कलम आपल्या वस्तीत तरी खरं होईल. आणि सगळं झाल्यावर बुद्धविहारात बसून अहवाल मोठ्यानं वाचा. ज्याला पटणार नाही तो उठून बोलेल. त्याला खोलीतून काढायचं नाही.

गेल्या रविवारी मी आत्याकडे जाऊन सांगून टाकलं, की त्या रात्रीचे शेवटचे तीस प्रश्न मी भरले होते. वाटलं, रागवेल. ती भांडी घासत होती. म्हणाली, "आरं, तवाच म्हणायचं हुतंस की, आत्या झोप आता. फारम काय पळून चालला हुता व्हय?"

जय भीम.